रंभाजीचा उजवा हात

राहात्याला आमच्या जुन्या टीममधले दोघं-तिघं चहाला बसले की रंभाजीचा विषय निघतोच. किस्से मूळचे चार-पाच, पण दर खेपेला त्यात भर पडत जाते. मी त्याचा विकेटकीपर. त्याचे बॉल अडवून माझी बोटं वाकडी झालीत, तेव्हा माझंच खरं धरा!

*

साखर कारखान्यात मिलच्या तोंडाशी रंभाजी उसाच्या मोळ्या टाकायचा. एकदा आमचा बॉल उसाच्या गाड्यांत गेला. रंभाजीनं तो तिथूनच फेकला आणि तो माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बाभळीत जाऊन अडकला. आमचे कॅप्टन म्हणजे कारखान्याचे केमिस्टसाहेब. ते धावत त्याच्याकडे गेले. "उद्यापासून टीममध्ये ये."

"येतो की. पन मोळ्या कोन टाकनार, तुमी?"

*

बॉल टाकताना त्याचा कोपर वाकायचा, म्हणजे नो-बॉल. साहेबांनी शक्कल लढवली. उसाचं एक कांडं सुतळीनं त्याच्या कोपराला बांधलं आणि प्रॅक्टिस करायला सांगितलं.

संध्याकाळी बघतो तर हाताला नुसती सुतळी. रंभाजी तोंड पुसत म्हणाला, "हात सरळ झालाय साहेब. ऊस लई ग्वाड हुता." हात मात्र खरंच सरळ झाला होता.

*

आख्ख्या तालुक्यात त्याच्याइतका फास्ट बॉलर नव्हता, पण अपील कधी करायचा नाही. "दांडी उडाली तर दिसंलच की. न्हाई उडाली तर वरडून काय उपेग?" कुणाला बॉल लागला की स्वतःच पळत जाऊन चोळून द्यायचा. मार खाल्लेला माणूस दुपारी त्याच्याच भाकरीत वाटेकरी असायचा.

*

बहात्तरच्या दुष्काळात जामखेडला मॅच होती. पिचवर काथ्याची मॅट अंथरण्याआधी जमीन भिजवावी लागते, नाहीतर खिळे धरत नाहीत. त्या लोकांनी कुठून तरी बैलगाडीवर पाण्याचं पिंप आणलं होतं. बैल माना वळवून पिंपाकडे बघत होते.

"आदी त्यान्ला पाजा," रंभाजी म्हणाला. बैलांनी पिंप कोरडं केलं. आम्ही हसलो आणि तशीच मॅट ठोकली.

त्याच्या दुसऱ्याच ओव्हरला पायाखालची मॅट सरकली. रंभाजी उजव्या खांद्यावर पडला. हाड बसलं, पण तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. मी भेटायला गेलो आणि विचारलं, वाईट वाटतं का रे?

"लई वाटतंय. पन बैलान्ला काय म्हनू?"

घरी येताना मला रडू आवरलं नाही.

*

साहेबांनी त्याला अंपायर केलं. डाव्या हातानं आउट देता येतं, पण सिक्सरला दोन्ही हात वर करावे लागतात. एकच हात वर म्हणजे बाय, म्हणजे एक रन! समोरच्या टीमच्या सिक्सरला स्कोअररनं एकच रन लिहिली आणि भांडण जुंपलं.

आमच्या क्लबचे नवे सेक्रेटरी तापट होते. "रविवारी पुन्हा असा घोळ झाला तर याला बदला." रंभाजी मला हळूच म्हणाला, "ग्राउंडावरून काढलं तर मी जाऊ कुटं?"

*

तो रविवार आला. बॉलिंगला आमचा गणपत. वर्कशॉपमधला फिटर, रंभाजीनंच तयार केलेला. मॅच अगदी काठावर आली होती आणि समोरच्या टीमच्या बॅट्समननं गणपतचा बॉल मांडवावरून पलीकडे भिरकावला.

रंभाजीनं डावा हात वर केला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि थांबला. मांडवात सेक्रेटरी उठून उभे राहिले. स्कोअररनं एक लिहिली असती तर फायदा आमचाच होता.

गणपत मागं वळला. रंभाजीच्या उजव्या अंगाला चिकटून उभा राहिला आणि आपला उजवा हात सरळ वर केला.

सेक्रेटरी तरातरा ग्राउंडात आले. "इथं अंपायर कोण आहे?"

हात खाली न घेता गणपत म्हणाला, "आमी दोघं."