करड्या पँटचे चार तुकडे

"अगं, पण माझीच पँट सापडली तुला?"

"गुडघ्यात विरली होती हो. दोन वर्षं कपाटाच्या तळाशी निजून होती."

"विरली असली तरी माझी होती ना! उद्या मलाच उसवशील!"

नवऱ्याचा पारा चढला, तरी ती खाली मान घालून टाचण्या गोळा करत राहिली. सतरा वर्षं ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात मागच्या खोलीत मशीन चालवत होती. पुढे काउंटरवर गिऱ्हाईक सांगेल ते इंग्रजीत चिठ्ठीवर उतरून तिच्याकडे यायचं. गेल्या महिन्यात चिठ्ठीवर होतं 'टेक इन', म्हणजे बाजूने आत घ्या. तिने 'टेक अप' समजून एका बाईंच्या कोटाची उंचीच चार बोटं कापली. मालकीणबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. आज काउंटरवरची मुलगी सोडून गेल्यावर त्याच म्हणाल्या होत्या, "पुढे बसता का? उद्या सकाळी सांगा. पण चिठ्ठी तुम्हीच लिहायची."

कोटाच्या त्या चुकीनंतरच कॉलेजातल्या लेकीने शब्दकोश बघून वहीत यादी करून दिली होती. टेक इनचे सात अर्थ, टेक अपचे नऊ. रात्री पाठ व्हायचे, सकाळी भांड्यांबरोबर धुऊन जायचे.

म्हणून तिने पँट कापली. एका तुकड्याची शिवण आत घेतली, टेक इन. दुसऱ्याची दुमड वर घेतली, टेक अप. तिसऱ्याची शिवण उसवून सैल केली, लेट आऊट. चौथ्याची दुमड सोडून लांबी वाढवली, लेट डाऊन. चारही तुकडे घरातल्या मशीनच्या वर दोरीला टांगले.

लेकीने तिला दोरीकडे पाठ करून बसवलं आणि स्वतः गिऱ्हाईक झाली. "कंबर आवळतेय."

"लेट आऊट."

"मुलीचा फ्रॉक तोकडा पडतोय."

"लेट डाऊन. पण दुमडीत कापड आहे का, ते आधी उलटून बघेन. मग लिहीन."

नवऱ्याला राहवलं नाही. "आणि नवरा बारीक झाला तर?"

"टेक इन. पण तसला नवरा या घरात नाही."

लेक फिस्सकन हसली. नवऱ्याने पोटावरून हात फिरवला, एक तुकडा उलटून पाहिला. "शिवण मात्र सरळ आलीय," तो पुटपुटला.

तिने टाचण्यांची डबी मिटली.

"उद्यापासून मी काउंटरवर बसणार आहे. दुकान उघडायला लवकर निघेन. सकाळचा स्वयंपाक तुम्ही दोघं वाटून घ्या."