ताईसाठी बांधलेला सर्व्हर

हसा लेकहो, पोटभर हसा! पण मी असा गाढवपणा करून बसलो की माझं मलेच अजून वाईट वाटून राहिलं.

पांढुर्ण्यात मी कॉम्प्युटरची कामं करतो. संत्र्याच्या लिलावाचा नंबर मोबाइलवरून लावायची साइट माझीच. सकाळी ती उघडली की सौसरपासून तिगावपर्यंतचे लोक एकदम तुटून पडतात. म्हणून मागं तीन सर्व्हर ठेवले, अन् पुढं लोड बॅलन्सर. त्याचं काम काय? येणाऱ्याला कमी गर्दीच्या सर्व्हरवर पाठवायचं. एखादा सर्व्हर बंद पडला, तर त्याची माणसं दुसऱ्यांवर वाटून द्यायची. ना ओळख, ना पाळख!

पण ओळखीशिवाय झालेलं काम आपल्याकडं कोणाले गोड लागते का हो?

मोहगावची माझी ताई म्हणाली, "काऊन रे भाऊ, साइट तुही अन् आम्ही लाइनीत?" लागलं ना मनाला! तिसरा सर्व्हर नवाकोरा, दमदार. ताई-भाऊजींना मी गुपचूप त्यालाच बांधून टाकलं. यांना दुसरीकडं हलवायचंच नाही!

लिलावाचा दिवस आला. ताईकडं संत्रा तोडून, क्रेट भरून तयार. सकाळीच भाऊजींचा फोन.

"अरे, नुसतं चाक फिरून राहिलं ना!"

"भाऊजी, तुमची पेशल सोय केली आहे. आरामात चहा घ्या."

थोड्या वेळानं पुन्हा फोन. "शेजाऱ्याचा नंबर लागला ना बाप्पा!"

"लागू द्या हो! तो गर्दीतला माणूस. तुम्ही घरचे!"

मग ताई. "गावातल्या सगळ्यायचे लागले. आमचाच काऊन नाही लागून राहिला?"

आता मात्र मी कॉम्प्युटर उघडला. पाहतो तर काय, नवाकोरा सर्व्हर केव्हाचाच आडवा! बाकीच्यांना लोड बॅलन्सरनं लगेच दुसऱ्या दोघांकडं वळवलं होतं. माझी माणसं तेवढी बंद दारापुढं उभी. हलवायचं नाही, हा माझाच हुकूम ना!

मी सगळं दुरुस्त करेपर्यंत नंबर संपले. पुढच्या लिलावापर्यंत अर्धा संत्रा नरम पडला.

माफी मागायला मोहगावला गेलो. भाऊजी अंगणात खराब माल निवडत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही. लई लाज वाटली हो.

ताईनं पाणी दिलं. म्हणाली, "भाऊ, एक काम करशीन?"

"सांग ना ताई, काहीही सांग!"

"पुढच्या साली आम्हाले परके समजजो."