मगनदादांच्या तांब्याच्या गोळ्या

बंदुकीचं लायसन्स असलेल्या माणसाकडे काडतुसं मोजकी आणि किस्से भरपूर! काडतूस वापरलं की संपतं, किस्सा वापरला की वाढतो. आम्हा शहाद्याकडच्या बंदूकवाल्यांकडे आता एवढा साठा झालाय, की त्याचंही लायसन्स काढावं लागेल.

मंडळी म्हणजे आम्ही चौघं. केळीवाले मगनदादा, त्यांच्याकडे वडिलांची रायफल. ऊसवाले झिपरूअण्णा. मूळचे तळोद्याचे सुभेदार, फौजेतून रिटायर झालेले. आणि मी, वडिलांच्या दुनळी बंदुकीचा वारस. आमची ओळख पोलीस ठाण्यातली. गैरसमज नको! निवडणूक लागली की लायसन्सवाल्यांना हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. त्या बाकावर बसून बसून दोस्ती झाली.

मागच्या वेळी निकाल लागल्यावर झिपरूअण्णा बंदूक परत आणायला निघाले, तर वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ना तठेच. कपाटमा साड्यासले जागा व्हयनी!"

*

शिकार तर कधीचीच बंद आहे. आमच्या बंदुका पिकाच्या राखणीच्या. रानडुकरं आली की हवेत बार काढायचा, एवढंच काम.

एकदा अण्णांच्या उसात सकाळीच डुकरांचा कळप शिरला. पलीकडे ऊसतोड चालू होती. अण्णांनी मोठ्या ऐटीत बार काढला. संध्याकाळी आम्ही विचारलं, "पळाली का?"

"डुकरं तठेच ऱ्हायनात," अण्णा म्हणाले, "मजूर पयी ग्यात!"

*

मगनदादांचा एकुलता एक मुलगा हितेश अमेरिकेत असतो. दादांचं घर पक्कं शाकाहारी, चातुर्मासात कांदासुद्धा बंद. आणि मुलगा तिकडे हरणाच्या शिकारीला जायला लागला! वर त्याला गोळ्या घरी भरायचा नाद. तिकडे म्हणे काडतुसाची रिकामी पितळी केस घ्यायची, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, दारू मोजून भरायची आणि तोंडावर आपल्या पसंतीची गोळी. आपल्याकडे ही भानगडच नाही, दुकानदार देईल तो डबा घ्यायचा.

एका रविवारी त्याने व्हिडिओ कॉलवर दोन गोळ्या दाखवल्या. दोन्ही निव्वळ तांब्याच्या. शिशाचे बारीक कण मांसात राहतात, म्हणून हल्ली तांब्याच्या वापरतात, असं तो म्हणाला. कंपन्या वेगळ्या, वजन तेच. एकीच्या अंगावर खाचा जास्त, दुसरीचं टोक जरासं लांब. बाकी जुळ्या बहिणी.

"पप्पा, कोनती लेऊ?" त्याने विचारलं.

दादा उत्तर देण्याआधी मागून हितेशची आई मोबाईलमध्ये डोकावली. "तांबानी शे का? तं रातभर पानीमा ठेव आनि सकायमा ते पानी पी. पोट साफ ऱ्हास!"

*

त्या दिवसापासून दर रविवारी दादांच्या ओट्यावर आमची सभा भरायला लागली. हितेश दोन्ही गोळ्यांनी कागदावर नेम धरायचा आणि भोकं पडलेल्या कागदांचे फोटो पाठवायचा. आम्ही चष्मे लावून ती झूम करायचो. दोन्हीकडची भोकं सारखीच जवळजवळ. फरक काढायचा कुठून?

पण दादा काढायचे! "वारा कोनता बाजूना व्हता?" पुढच्या रविवारी, "नळी थंडी व्हती का गरम?" त्याच्या पुढच्या रविवारी, "दोन्ही येकच दिन मारल्यात का? ऊन बदलनं व्हई तं?" हितेश मान डोलवायचा आणि परत फोटो पाठवायचा.

अशी दोन वर्षं गेली. एका रविवारी सुभेदारांचा पारा चढला. "अहो दादा, दोन्ही सेम टू सेम आहेत. चिठ्ठी टाका आणि मोकळे व्हा! आम्हाला फौजेत कोणी विचारलं नाही, तुला कुठली आवडते म्हणून. समोरच्याकडे कुठली आहे, एवढीच काळजी असायची."

ते तसं हसण्यासारखं नव्हतंच. दादांनी मात्र सुभेदारांना आणखी एक चहा पाजला आणि गोळीचा विषय तसाच चालू ठेवला.

*

मला दादांची ही चिवट चौकशी कळत नव्हती. एकदा केळीच्या बागेत आम्ही दोघंच होतो, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं.

हितेश गेला तेव्हा भांडून गेला होता. बाग दादांना त्याच्याकडे सोपवायची होती, त्याला नको होती. नंतर राग विरला, पण बोलणंही विरलं. रविवारी फोन यायचा तो असा :

"जेवना का?"

"हा, जेवनू."

"पानी पडना का?"

"पडना."

"बरं. ठेवस मंग."

दोन माणसं, एवढं मोठं आयुष्य, आणि बोलायला एवढंच. लहानपणी हितेशला नेम धरायला दादांनीच शिकवलं होतं. त्यामुळे गोळीचं निघालं की दोघांची तासभर गाडी थांबायची नाही.

"आते तुच सांग," दादा म्हणाले, "गोळी ठरी गई, तं पुढला रविवारले मी त्याले काय इचारू?"

सुभेदारांना मी बागेतून बाहेर पडताच फोन करून सांगितलं, की चिठ्ठीचं नाव पुन्हा काढायचं नाही.

*

यंदा दिवाळीला हितेश आला. आम्ही फराळाला गेलो. दादा चहा आणायला आत गेले होते. एवढे महिने सुभेदारांनी तोंड आवरलं होतं, आता राहवेना. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बेटा, खरं सांग. त्या दोघींतली तू घेतलीस कुठली?"

हितेशने आतल्या दाराकडे पाहिलं. "काका, रायफलच इकी टाकी मी. गाव बदलं तवयच. दीड वरीस व्हयनं."

"विकलीस? मग ते कागदांचे फोटो?"

"मन्हा दोस्तना. तो मारस, मी पाठाडस."

सुभेदारांच्या हातातली चकली हातातच राहिली. तेवढ्यात दादा ट्रे घेऊन बाहेर आले. सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत त्यांनी विचारलं, "काय चाली ऱ्हायनं?"

हितेशने उठून त्यांच्या हातातला ट्रे घेतला. "काही नही पप्पा. तांबानी आखो येक नवी गोळी उनी बजारमा. तिसरी."

दादांनी खुर्ची पोराजवळ ओढली. खिशातून चष्मा काढून धोतराला पुसला, नाकावर चढवला.

"तिसरी? मंग तं सगळं पहिलेपाईन पाहनं पडी!"