श्वास सोडा म्हणायचं राहिलं

हनुवटी वर. खांदे पुढे. मोठा श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा.

ही सहा वाक्यं बाई सव्वीस वर्षं म्हणत आल्या होत्या, त्याच क्रमाने आणि त्याच चढउतारात. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्यांना ती इतकी स्पष्ट ऐकू यायची, की काहीजण आपली पाळी यायच्या आधीच श्वास धरून बसत. बाई काचेमागून बटण दाबत आणि ‘सोडा’ म्हणता म्हणता दार उघडून पुढच्याला हाक मारत. आधीच्याचा श्वास सुटेपर्यंत त्या तिसऱ्याच कामाला लागलेल्या असत. इस्पितळात त्यांना पाठीमागे सगळे वावटळ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

घरीही तीच तऱ्हा. चहा उभ्याने, वर्तमानपत्र चालता चालता, आणि जेवताना अकरा वेळा उठणं. नवरा भूमिती शिकवून निवृत्त झालेला. त्याला सगळे मास्तर म्हणत, म्हणून आपणही म्हणू. मास्तर एक संत्रं सोलायला पाऊण तास लावणारे. बाईंच्या पायाला भिंगरी आणि मास्तरांच्या पायात शिसं, अशा जोडीचा संसार तीस वर्षं झाला ही तशी नवलाचीच गोष्ट. मास्तर म्हणायचे, “आमच्यातला एकजण बसलेला असतो म्हणून घर जागेवर आहे.”

त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि बाईंना खोकला लागला. पहिला आठवडा त्यांनी त्याकडे लक्षच दिलं नाही, दुसऱ्या आठवड्यात गरम पाणी प्यायल्या आणि तिसऱ्या आठवड्यात खात्यातली धाकटी हटून बसली. खात्यात दोघीच, म्हणून ही धाकटी. चार वर्षांपूर्वी लागलेली, हाताची स्वच्छ, जिभेची गोड. “ताई, दुसऱ्या कुणाला असा खोकला असता तर तुम्ही त्याला कधीच उभं केलं असतं. चला.”

बाई एक्स-रेच्या पाटीसमोर उभ्या राहिल्या खऱ्या, पण धाकटी काचेमागे गेली तशी त्यांचं तोंड सुरू झालं. पाटी थोडी खाली घे. बाजूची बत्ती घालव. मधेच मान वळवून पडद्याकडे बघितलं. पहिला फोटो हलला. दुसरा हलला. तिसऱ्यालाही बरगड्या पुसट आल्या, आणि उजवीकडे खालच्या बाजूला एक धुरकट डाग दिसला. तो खरा होता की हलल्यामुळे आलेला, हे धाकटीला सांगता येईना. छातीच्या डॉक्टरांनी फोटो बघितला, पाठीला नळी लावून ऐकलं, थुंकी तपासली. तपासणी साफ आली. तरी ते म्हणाले, “बहुतेक साधा संसर्ग आहे. औषध घ्या, तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढू. पण बाई, तेव्हा तरी हलू नका.”

बहुतेक. हा एक शब्द बाईंच्या डोक्यात जाऊन बसला. कारण उजवीकडे, खालच्या बाजूला, अगदी असाच डाग त्यांनी आधी एकदा बघितला होता.

बारा वर्षांपूर्वी वडिलांना त्यांनीच त्या पाटीसमोर उभं केलं होतं. वडिलांचं आयुष्य लाकडाच्या वखारीत गेलेलं, आणि डॉक्टर म्हणजे वेळेचा खोळंबा असं त्यांचं मत. मुलीच्या खात्यात मात्र ते धुतलेला सदरा घालून आले. बाईंनी नेहमीची वाक्यं म्हटली, बटण दाबलं, आणि पडद्यावर तो डाग उमटला. त्या बघत राहिल्या, आणि सहावं वाक्य म्हणायचं राहिलं. वडील आपले आज्ञाधारकपणे छाती पाटीला लावून उभे. बऱ्याच वेळाने त्यांनी अडखळत विचारलं होतं, “सोडू का गं?” मग त्यांना जी उबळ आली ती थांबता थांबेना. पुढचा हिवाळा त्यांनी पाहिला नाही. त्या दिवसापासून बाईंची गती दुप्पट झाली होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं होतं, पण त्यावर थांबून विचार करायला वेळ कुणाला होता?

आता तीन आठवडे थांबायचं होतं. दुसऱ्यांना ‘थांबा’ म्हणून सांगणं बाईंना चांगलं जमायचं. स्वतः थांबणं म्हणजे काय करायचं, हेच त्यांना कळेना. त्यांनी पडद्यावरच्या त्या हललेल्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि दिवसातून चाळीस वेळा तो उघडून बघायला लागल्या. भाजी चिरताना, बससाठी उभं असताना, दोन रुग्णांच्या मधे. दोन बोटांनी मोठा करायच्या, लहान करायच्या, तिरका धरायच्या. कधी डाग वाढल्यासारखा वाटायचा. फोटो तोच आहे, त्यातला डाग वाढणार कसा, एवढं सव्वीस वर्षं हेच काम केलेल्या बाईंना कळत नव्हतं असं नाही. पण जीव टांगणीला लागला की शिकलेलं कुठे कामाला येतं? घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही.

धाकटीने एक उपाय सुचवला. तिच्या मोबाइलवर एक शांत आवाजातली बाई होती, ती मन स्थिर करायला शिकवायची. दुपारच्या सुट्टीत बाईंनी कानात इअरफोनच्या नळ्या घालून ऐकलं. “आता फक्त आपल्या श्वासाकडे लक्ष द्या,” तो आवाज म्हणाला. मग बराच वेळ काहीच म्हणाला नाही.

बाईंनी नळ्या काढून ठेवल्या. “ही मला शिकवणार? ‘घ्या’पासून ‘सोडा’पर्यंत पोचायला हिला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माझे चार जण होतात.”

“म्हणूनच ऐका म्हटलं,” धाकटी हळूच म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात यंत्र बिघडलं. दुरुस्तीवाला यायला दोन दिवस लागणार होते. बाईंनी कपाटं आवरली, शिशाचे एप्रन पुसले, नोंदवह्या लावल्या, लावलेल्या पुन्हा लावल्या. साडेदहाला करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा धाकटीने त्यांच्या अंगावर शाल टाकली आणि त्यांना मागच्या दारातून बाहेर काढलं. “ताई, जरा उन्हात बसा. इथे बसलात तर भिंतीसुद्धा पुसायला घ्याल.”

मागच्या आवारात एक बाक होता आणि एक तुतीचं झाड. ऊन होतं, पण त्यात धग नव्हती. झाडावर एकही पान नाही, सगळ्या फांद्या करड्या. इस्पितळाचा म्हातारा माळी शिडीवर चढून एकेका फांदीपाशी थांबत होता. अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडायचा, डोळे बारीक करून बघायचा. काही फांद्या त्याने कापून टाकल्या. काहींना खिशातून जाळीदार पट्टीचा तुकडा काढून बांधला, ड्रेसिंगला वापरतात ती पट्टी.

बाईंना राहवेना. “काका, झाडाला कुठे लागलंय?”

“लागलं नाही, बाई. बघून झालंय अशी खूण आहे.” त्याने एक फांदी खाली वाकवून दाखवली. खरवडलेल्या जागी नखाएवढा हिरवा ठिपका होता. ओला, कोवळा. “वरून सगळ्या सारख्याच दिसतात. मेलेली कुठली आणि झोपलेली कुठली, हे आत बघितल्याशिवाय कळत नाही.”

“मग पट्टी कशाला?”

“मला विसरायला होतं ना. पट्टी नसली तर उद्या येऊन मी पुन्हा तीच फांदी खरवडणार. परवा पुन्हा. जिवंत आहे का, जिवंत आहे का. आणि रोज रोज खरवडलं तर आहे ती जिवंत फांदीपण वाळते.” तो शिडी उतरला. “गेल्या वर्षी दोन फांद्या मीच मारल्या अशा. काळजीनं.”

शालीच्या आत त्यांचा हात मोबाइलवर होता. तो हात त्यांनी काढून घेतला.

माळी शिडी घेऊन पलीकडे गेला. बाई बसून राहिल्या, म्हणजे बसून राहायचा प्रयत्न केला. एक पाय हलतच होता. तेवढ्यात त्यांच्या तोंडासमोर एक पांढरी वाफ आली आणि विरली. पुन्हा आली. आधी दाट, मग विरळ, मग काही नाही. हा आपलाच श्वास, हे त्यांना उमगायला क्षण गेला. हजारो माणसांना त्यांनी श्वास घ्यायला लावला होता आणि एकाचाही कधी बघितला नव्हता, स्वतःचा तर नाहीच. त्या बघायला लागल्या. सातव्या वाफेला मनात डाग आला, त्या उठल्या, पुन्हा बसल्या. दुसऱ्या खेपेला अकरापर्यंत गेल्या. तुतीच्या शेंड्यावर एक चिमुकला पक्षी पिसं फुगवून बसला होता, त्यालाही कुठे जायची घाई दिसत नव्हती. अकरा वाफांपुरतं का होईना, बाईंना बरं वाटलं. मग खोकला आला आणि पुन्हा सगळं सुरू झालं.

आत जाताना त्यांनी माळ्याकडून हातभर पट्टी मागून घेतली.

संध्याकाळी मास्तरांनी टेबलावरचा मोबाइल उचलला. त्याला उभी-आडवी पट्टी गुंडाळलेली, वर गाठ. मास्तरांनी तो चष्म्यातून नीट पाहिला. “काय गं, याला फ्रॅक्चर झालंय?”

बाई हसल्या नाहीत, तेव्हा मास्तरांनी तो खाली ठेवला.

“बरं केलंस,” ते म्हणाले. “दोन आठवडे बघतोय, सारखा तो कुणाचा तरी छातीचा फोटो काढून बसतेस. एवढा जीव कुणासाठी टाकत नाहीस कधी. कोण गं तो बिचारा?”

बाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला.

“मी आहे ती,” त्या म्हणाल्या.

मास्तर उठले. कधी नाही ते झटकन उठले, खुर्चीला गुडघा आपटून. मग मास्तर म्हणाले, “बस.” आणि बाई बसल्या. मास्तरांनी एक संत्रं घेतलं आणि पाऊण तास सोललं. एकेक फोड ते पुढे करत गेले, आणि त्या दिवशी जेवायच्या आधी बाई एकदाही उठल्या नाहीत.

पण म्हणून वावटळ शमली असं नाही. पट्टी त्यांनी दोनदा सोडली, दोनदा पुन्हा बांधली. एकदा तर बसमध्ये त्यांना दातांनी गाठ सोडताना बघून शेजारची बाई घाबरून सरकून बसली. इस्पितळाच्या मागच्या आवारातल्या बाकावर त्या रोज जात, आणि कधी पाच वाफांतच कंटाळत, कधी वीसपर्यंत पोचत. एका सकाळी धुकं इतकं होतं की स्वतःची वाफ कुठली आणि बाहेरची कुठली हेच कळेना, तेव्हा त्या वैतागून माळ्यावरच खेकसल्या. “झाड फुटणार तरी कधी?”

“सहा-सात आठवडे,” माळी म्हणाला. “ओरडलात तरी तेवढेच.”

तीन आठवडे संपले. धाकटीने खोली तयार ठेवली होती. बाई पाटीसमोर उभ्या राहिल्या. पाटीचा गारवा छातीला भिडला. समोर फक्त पिवळट भिंत आणि तिच्यावरचा एक जुना ओरखडा. या जागेवरून खोली कशी दिसते, हे त्यांनी सव्वीस वर्षांत नीट कधी बघितलंच नव्हतं.

“हनुवटी वर,” काचेमागून आवाज आला. आवाज धाकटीचा, चाल बाईंचीच. “खांदे पुढे. मोठा श्वास घ्या. धरा. हलू नका.”

बाईंनी धरला. यंत्राचा बारीक आवाज झाला आणि थांबला. आता ‘सोडा’ यायला हवं होतं.

ते आलं नाही.

बाईंना ती शांतता ओळखू आली. ती त्यांनी स्वतः एकदा केली होती. फोटो निघून गेला होता, आता वळलं असतं तरी काही बिघडलं नसतं. पण वळलं की धाकटीचा चेहरा दिसला असता, आणि चेहरा वाचण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळं अंग वळ म्हणत होतं. त्यांनी भिंतीवरचा ओरखडा नजरेने धरून ठेवला. छाती भरलेली होती आणि ती दुखत नव्हती. बारा वर्षं त्यांना वाटत आलं होतं, की आपण बाबांना इथे उभं करून छळलं. आता स्वतः त्या जागी उभं राहिल्यावर त्यांना दिसलं, की त्यात छळ नव्हता. मुलगी म्हणाली म्हणून त्यांनी श्वास धरला होता आणि मुलगी ‘सोडा’ म्हणेल याची त्यांना खात्री होती. एवढंच होतं ते. बाईंचे डोळे भरून आले, तरी त्या हलल्या नाहीत.

“सोडू का गं?” त्यांनी विचारलं.

“अगं बाई. सोडा, सोडा, ताई,” धाकटी धावतच बाहेर आली. “चुकले. मी शोधत बसले होते.”

“काय?”

“डाग. आधीचा शेजारी लावून बघत होते. सापडेचना. मग एवढासा दिसला, पुसट.”

बाईंनी श्वास सोडला. सावकाश, पार शेवटपर्यंत, आणि खोकला आला नाही.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले. पूर्ण गेला नाही, म्हणाले, पण जायला निघालाय. सहा आठवड्यांनी आणखी एक काढू. आणि पहिल्यांदाच तुमचा फोटो हलला नाही हो, असंही म्हणाले.

बाहेर बाकावर सातजण थांबले होते. बाई एप्रन चढवत असताना धाकटीने पडद्यावरून मान वर केली. “ताई, नवा फोटो तुमच्या मोबाइलवर पाठवू?”

बाईंचा हात खिशाकडे गेला. पट्टीची गाठ बोटांना लागली.

“नको,” त्या म्हणाल्या. “एकदा खरवडून झालंय.”

आणि त्यांनी दार उघडून पुढच्याला हाक मारली.