एका हाकेची कात्रणं

वासंतीताई सोवनींना पहिली दोन वर्षं मी मनातल्या मनात शिव्याच घातल्या. रत्नागिरीतल्या आमच्या वाचनालयात त्या ग्रंथपाल आणि मी, मुकुल, त्यांच्या हाताखाली. १९९८ साली कॉम्प्युटर आला आणि स्थानिक वर्तमानपत्रांची कात्रणं त्यात भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कुणी काही शोधायला आलं की मी धाडकन एक शब्द टाइप करायचो. ताई माझा हात बाजूला सारायच्या. "आधी कागद घे. आपण काय म्हणतो ते राहू दे. लिहिणाऱ्याने काय लिहिलंन असेल, ते शोध." मग पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने रकाने आखायच्या. डोकं उठायचं माझं.

एप्रिल २००१मध्ये बुरोंडीहून हौसा आली. तिचा मुलगा लवू खलाशी. आदल्या दसऱ्याच्या सुमारास दक्षिणेला नाटे गावाजवळ त्याची बोट उलटली. बाकीचे सापडले, लवू नाही.

"पौषात दिवेलागणीला अंगणातून हाक आली, 'आये'. एकदाच," ती म्हणाली. "एका हाकेला ओ देऊ नये, ती माणसाची नसते. मी दार लावून घेतलं. पण आवाज लवूचा होता, बाय. तो त्या हाकेच्या आधीच गेला होता, एवढं मला दाखवा. नायतर मी माझ्या पोराला दारातून परत लावलं."

मी घाईघाईने 'लवू' आणि 'बुडून मृत्यू' टाकलं. काही नाही.

ताईंनी तीन रकाने आखले. कोण: अनोळखी, बेवारस, खलाशी, तरुण. काय झालं: प्रेत, मृतदेह, बुडाला, वाहून आला. कुठे: नाटे गावापासून उत्तरेला केळशीपर्यंतची किनाऱ्यावरची गावं. एका रकान्यातला कुठलाही शब्द चालेल, पण तिन्ही रकान्यांतलं काहीतरी हवंच. ओळखायची खूणही विचारून घेतली. डाव्या मनगटावर होडीचा नांगर गोंदलेला. सात कात्रणं आली, त्यांत लवू कुठेच नव्हता.

ताईंनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी मधला अख्खा रकाना खोडला.

"तो गेलाच असं धरून चाललोय आपण. जिवंत माणसाचे शब्द घाल." भटका, वेडसर, भ्रमिष्ट, सापडला. आणि शेवटी, हाक.

"ते नको," हौसा म्हणाली.

नऊ कात्रणं आली. नऊच्या नऊ मीच 'अफवा, भुतंखेतं' या विषयाखाली टाकून मोकळा झालो होतो. तारखेने लावली तर गावं एकापुढे एक उत्तरेला सरकत होती. नाटे, पूर्णगड, मिरकरवाडा, जयगड, पुढे बुरोंडी. सगळीकडे तेच. तिन्हीसांजेला अंगणात एकच हाक, 'आये', आणि पटापट लागलेली दारं. मी राहतो त्या मिरकरवाड्याची हाक तर माझ्याच अंगणात आली होती. मी टीव्हीचा आवाज वाढवला होता. त्या क्षणी माझी मलाच किळस आली.

नववं कात्रण केळशीचं, मार्चमधलं. तिथे एका बाईने ओ दिली. अंगणात एक तरुण उभा होता, मनगटावर नांगर, डोक्याला जुनी जखम, स्वतःचं नाव आठवत नाही. बाईने त्याला ठेवून घेतलं. तेव्हापासून हाक बंद.

हौसाला वाचता येत नव्हतं. ताईंनी वाचलेलं ऐकून तिने विचारलं, "माझ्या दारच्या हाकेच्या आधीचं, का नंतरचं?"

खोटं बोलणं ताईंना जमलंच नसतं. "नंतरचं. हौसाबाई, लवू जिवंत आहे."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती पदर तोंडाशी धरून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिली. ताईंनी मला केळशीला जायला दापोलीच्या गाडीची वेळ विचारायला पिटाळलं. मी परत आलो तेव्हा ती दारात उभी होती.

"जाते मी," ती म्हणाली. "पण बाय, त्या अंगणात उभी राहून मी 'लवू' अशी हाक मारली, आणि त्याने दार लावून घेतलं तर?"