तानीबाईचा तळवा

आमच्या कंग्राळीतल्या दोन पिढ्यांच्या डोक्यांना तानीबाईचा तळवा लागलेला आहे. माझ्याही. बाळाच्या टाळूवर कोमट तेल भरताना ती डोळे मिटायची. हाडं जुळायची राहिलेली असतात तिथं, म्हणायची, जीव हाताला लागतो.

पुढं ती बेळगावच्या एका इस्पितळात आया झाली. तिथं तेलाला बंदी. तरी पदराच्या गाठीत चिमुकली बाटली असायचीच. सिस्टरनी तिची दोनदा तक्रार केली होती.

शहाऐंशी साली निपाणीकडच्या शालनचं चार महिन्यांचं बाळ आलं. डोक्यात पाणी साठलेलं. ऑपरेशन करून ते काढायला आत नळी बसवली. तिसऱ्या सकाळी बाळ अंगावर पिईना, नुसतं पेंगत राहिलं.

"थकलंय," सिस्टर म्हणाली.

तानीबाईनं त्याला खांद्याशी उभं धरलं, टाळूवर तळवा ठेवला आणि तशीच डॉक्टर उपाध्यांपुढं जाऊन उभी राहिली.

"टाळू वर आलीया, सायेब. लई घट्ट लागतीया."

"रडताना येते वर."

"रडतंय कुठं? तेच तर म्हंते."

डॉक्टर उठले. मोठ्या तपासणीला गाडीतून लांब न्यायचं तर बाळ वाटेत टिकेल याचा भरवसा नव्हता. पोटुशा बायकांचं सोनोग्राफीचं मशीन त्यांनी ढकलत खाटेपाशी आणलं. लावायच्या जेलीची बाटली पिळली, तर रिकामी.

"तानीबाई, तुमच्याकडं तेल असतं म्हणे?"

तिनं खाली मान घालून गाठ सोडली. "सिस्टर, आज तरी वरडू नकासा."

टाके कानामागं होते. मोकळ्या टाळूवर तेल लावून डॉक्टरांनी यंत्राची मूठ अलगद टेकवली. पडद्यावर राखाडी उजेड हलला, आणि बंद कवटीच्या आतला मुलूख दिसू लागला. मधोमध दोन काळी तळी, काठोकाठ भरलेली.

"नळी तुंबलीय. थिएटर तयार करा!"

शालन रडू लागली. तानीबाई पडद्यापुढून हलेना.

"तीस वर्सं ह्या दारावर हात ठिवला, सायेब," ती पुटपुटली. "आत कधी बगितलं नव्हतं."

दुपारी नळी मोकळी करून बाळ परत आणलं. दिवस कलताना शालननं त्याला अंगावर घेतलं. आधी ओठ हलले, मग चुटुचुटु आवाज आला. तानीबाईनं भिंतीला पाठ टेकली.

डॉक्टर आले, पण मशीन न घेता. त्यांनी तळहात पुढं केला.

"कसं कळतं, मला दाखवा."

तानीबाईनं त्यांचा हात धरून बाळाच्या टाळूवर ठेवला. "डोळं मिटा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मिटले.