कढईची चव

रातिबची जीभ मेली होती, आणि हे अख्ख्या नाब्लुस शहरात एकट्या रातिबलाच ठाऊक होतं.

साबणाच्या कारखान्यात जीभ मेली म्हणजे काय, हे बाहेरच्याला नाही कळायचं. ऑलिव्हचं तेल आणि खाराचं पाणी कढईत दिवसचे दिवस रटरटतं. तेलाचं पाण्याशी कधी पटत नाही, आणि मोकळा खार तर कातडीच सोलतो. पण दोघं एकमेकांत नीट गुंतले, की तेल तेल राहत नाही, खार खार राहत नाही. तिसरंच काहीतरी तयार होतं; एका टोकाने मळ धरणारं, दुसऱ्याने पाणी. आता गुंतले की नाही, हे सांगायचं चाखणाऱ्याने. काठीला लागलेला साबण जिभेला लावायचा. चावला, तर खार अजून मोकळा आहे. नाही चावला, तर कढई उतरवायची.

रातिबला काहीच चावेनासं झालं होतं. जन्मभर खार चाटून दुसरं काय होणार, कपाळ! घरी बायको वदाद पाकात भिजवलेला गोड कुनाफा करायची, हा कापूस चघळावा तसा खायचा आणि "वा!" म्हणायचा. सांगायचं कुणाला? गल्लीत मान होता तो त्या जिभेचा. मुलगी रफीफ कारखान्यातल्याच जमीलला दिली, तीही त्याच मानावर. वासावर, बुडबुड्यांवर अंदाज बांधून बिचारा निभावत होता. आत धाकधूक, वर मिशीला पीळ.

त्या दिवशी मालक हाजी निम्र कढईपाशी उभे होते. साबण वरच्या मजल्यावर नेऊन जमिनीवर ओतायला गडी बादल्या घेऊन तयार. रातिबने काठी जिभेला लावली. काही नाही.

"झाली," तो म्हणाला.

"मामा, पहिल्या वड्या चाखणाऱ्याच्या घरी जातात ना?" जमील बादली भरत म्हणाला. "रफीफने सांगून ठेवलंय. वड्या सुकेपर्यंत बाळ बसायला लागेल, मग त्याची अंघोळ याच साबणाने. हात आखडू नका हं!"

सगळे हसले. नातवाचं ते लोण्यासारखं अंग रातिबच्या डोळ्यांपुढून हलेना.

"थांबा! ओतू नका!" तो ओरडला. "मला कळत नाही. जीभ गेलीय माझी. कधीचीच गेलीय."

बादल्या जागच्या जागी थांबल्या. हाजींनी त्याच्या हातातून काठी घेतली, जिभेला लावली. पुन्हा लावली.

"बोला ना, हाजी."

"काय बोलू, डोंबल?" हाजींनी काठी खाली केली. "तुझ्याआधी मीच चाखायचो ना? माझी गेली, म्हणून तर तुला बसवलं."

तेवढ्यात जमीलने काठी ओढून जिभेला लावली आणि तो उडालाच. "आई गं! कच्ची आहे, मामा! चांगलीच चावली!"

जाळ पुन्हा वाढवला. हाजींनी जमीलच्या पाठीवर थाप मारली. "आजपासून हाच चाखणारा!" गड्यांनी गलका केला. पोरीच्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तो हसत होता.

रातिबने त्याचं मनगट धरलं. "नको म्हण, बाबा. अजून वेळ आहे, नको म्हण."

"अहो मामा, असं काय करता? तुमचीच तर गादी!" जमील म्हणाला, आणि लाल झालेली जीभ त्याने पुन्हा काठीला लावली.